उंटावरचा शहाणा नको, शेजारी बसणारा हवा

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणगी देऊ केली आहे आणि त्या रकमेतून जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर 'नवउद्योग कक्ष' उभारावा, अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आली आहे. संगणक, मोठा पडदा, थ्री-डी प्रिंटर, वातानुकूलन, गोल टेबल असा आराखडाही तयार आहे. आपल्या मुलामुलींनी केवळ नोकरीच्या मागे न धावता स्वतः काही उभे करावे, ही त्यामागची तळमळ आहे आणि तिच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तथापि आराखडा वाचताना एक गोष्ट आम्हाला खटकली. खुर्च्या किती लागतील ते त्यात लिहिले आहे. त्या खुर्च्यांवर मुलांच्या शेजारी येऊन कोण बसणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

नवे उद्योग अशा कक्षात वाढवायचे, त्यांना जागा, वीज, यंत्रे आणि सल्ला द्यायचा, या पद्धतीला इन्क्युबेटर म्हणतात. अंडी उबवण्याच्या यंत्राचे हे नाव उद्योगांना कसे चिकटले, याची गोष्ट गमतीदार आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटाविया नावाचे छोटे गाव आहे. तेथील शेतीच्या यंत्रांचा मोठा कारखाना बंद पडला आणि गावात बेकारी आली. मॅनकुसो कुटुंबाने ती प्रचंड इमारत घेतली. एवढी जागा घेणारा एकच उद्योग मिळेना, म्हणून जोसेफ मॅनकुसो यांनी १९५९ साली तिचे भाग पाडून लहान लहान उद्योगांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. नुसती जागाच दिली नाही, तर कचेरीची सामाईक सोय आणि व्यवसायाचा सल्लाही दिला. पहिल्या भाडेकरूंत एक कोंबड्यांचा धंदा करणारी कंपनी होती. आम्ही येथे कोंबड्याही उबवतो आणि उद्योगही, असे ते चेष्टेने म्हणत. ते नाव पुढे जगभर रूढ झाले.

विद्यार्थी मित्रांनो, या गोष्टीतला मुद्दा लक्षात घ्या. अंडे इमारतीने उबत नाही, उबेने उबते. नव्या उद्योगाला ही ऊब मिळते ती माणसांकडून. ज्याने तो मार्ग आधी तुडवला आहे, ज्याला त्या कामातले खाचखळगे ठाऊक आहेत आणि जो आपल्या धंद्यात भागीदार नाही, अशा बाहेरच्या माणसाकडून. बाहेरचा एवढ्यासाठी, की नवे काही करणारा माणूस आपल्या कल्पनेच्या प्रेमात पडलेला असतो. घरचे त्याला एक तर डोक्यावर घेतात, नाही तर वेड्यात काढतात. 'हे ठीक आहे, पण तेवढे चुकते आहे' असे शांतपणे सांगणारा बहुधा बाहेरूनच यावा लागतो.

पण बाहेरचा कोणता? उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आपण सर्वांनी बालवर्गात ऐकली आहे. रांजणात वासराचे डोके अडकले म्हणून गावकऱ्यांनी शहाण्याला बोलावले. शहाणा उंटावरून खाली उतरेना, म्हणून त्याला आत घ्यायला आधी भिंत पाडली. मग त्याने वासराचे डोके कापायला सांगितले आणि शेवटी रांजण फोडायला. भिंत गेली, वासरू गेले, रांजणही गेला; शहाणा मात्र मान डोलावत पुढच्या गावाला गेला. आज इन्क्युबेटरच्या नावाखाली जे चालते, त्यातले काही पाहिले की आम्हाला ही गोष्ट आठवते.

एक अनुभव सांगतो. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, त्याच्या इच्छेनुसार नाव देत नाही, इंजिनियर झाला आणि त्याने काजू फोडण्याचे यंत्र बनवायला घेतले. चंदगड-खानापूर भागात काजूचे छोटे कारखाने आहेत, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. वाफवलेले काजू एकेक करून फोडायचे, टरफलातल्या तेलाने हात काळे पडायचे आणि कातडी सोलायची, हे त्या बायांचे कष्ट त्याला दिसत होते. एका मोठ्या शहरातील केंद्रात त्याची निवड झाली. टेबल मिळाले, इंटरनेट मिळाले. आठ महिन्यांत तज्ज्ञांची डझनभर व्याख्याने झाली. एकाने सांगितले, यंत्र राहू दे, मोबाईलचे ॲप काढ. दुसऱ्याने सांगितले, चंदगडचा विचार सोड, आफ्रिकेला निर्यात कर. तिसऱ्याने सल्ला देण्याच्या बदल्यात धंद्यात दहा टक्के हिस्सा मागितला आणि आमचा हा भोळा मुलगा सहीच करणार होता. वडिलांनी कागद वाचून थांबवले म्हणून वाचला. प्रत्येक तज्ज्ञ आला, पडद्यावर चित्रे दाखवून, फोटो काढून गेला. यंत्राचे ओतीव भाग का फुटतात, हे मात्र कोणी पाहिले नाही.

गणपतीला तो बेळगावी आला. त्याच्या वर्गमित्राच्या वडिलांनी उद्यमबागेतल्या फौंड्रीत तीस वर्षे मोल्डर म्हणून काम केले होते. मुलाने त्यांना फुटलेला भाग दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आतली बारीक भोके दाखवली आणि म्हणाले, "चल, कुठे ओतून घेतोस ते दाखव." त्या छोट्या फौंड्रीत गेल्यावर त्यांनी साच्याची वाळू मुठीत घेतली, दाबली आणि मूठ उघडली. वाळू बोटांना चिकटून राहिली. "पाणी जास्त झालंय की रे यात. एवढ्या ओल्या वाळूत रस ओतलास की वाफ धरणार. ती वाफच भोकं पाडते." पुढच्या वेळी वाळू नीट तयार करून घेतली आणि फुटण्याची तक्रार जवळजवळ संपली. आठ महिन्यांत जे सुटले नाही, ते एका मुठीत सुटले.

काकांनी आणखी एक केले. आपल्याला काजूतले काही कळत नाही, असे सांगून त्यांनी त्याला चंदगडकडच्या एका ओळखीच्या बाईंकडे पाठवले. त्या स्वतःचा छोटा काजू कारखाना चालवतात. मुलगा मोठ्या अभिमानाने सांगू लागला, माझे यंत्र तासाला इतके किलो काजू फोडते. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "त्यातले अख्खे गर किती निघतात, बाळा? अख्ख्याला एक भाव, तुकड्याला दुसरा. भराभर फोडून तुकडेच पडणार असतील, तर माझं नुकसानच." शिवाय त्यांच्याकडच्या बाया बसून काम करतात आणि याचे यंत्र उभे राहून चालवायचे होते. तो परतला आणि त्याने यंत्र पुन्हा आखले. वेग कमी केला, पाते बदलले, उंची उतरवली. तो काही कोट्यधीश झालेला नाही. आतापर्यंत अकरा यंत्रे विकली आहेत, कर्जाचे हप्ते वेळेवर जातात आणि दोन मुलांना काम मिळाले आहे. आमच्या दृष्टीने हे मोठेच यश आहे.

तज्ज्ञ कोणाला म्हणावे, हे या अनुभवातून आम्ही शिकलो. मोठ्या पदव्या आणि परदेशी अनुभव असलेली माणसे नकोत, असे आम्ही म्हणत नाही. काही प्रश्नांना तीच लागतात. पेटंटचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे मुलाने काही नवीन केले की आपण ते आधी विज्ञान प्रदर्शनात मांडतो, वर्तमानपत्रात फोटो छापून आणतो. पण अर्ज करण्यापूर्वीच शोध जगजाहीर झाला, तर 'नवीन' म्हणून त्याचा हक्क मिळणे अवघड होऊन बसते. हे शिक्षकाला किंवा पालकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते जाणकारच सांगू शकतो. अशा सल्ल्याचा खर्च नव्या माणसाला पेलत नाही, हे ओळखून केंद्र सरकारने २०१६ साली योजना आणली आणि तिच्यात नवउद्योगांसाठी पेटंटचा अर्ज तयार करणाऱ्या जाणकारांची फी सरकारने उचलली. हिशेब, कर, करार, अन्नपदार्थाचा परवाना याही गोष्टी अंदाजाने करायच्या नसतात.

म्हणजे प्रश्न मोठ्या की लहान माणसाचा नाही. त्या अडचणीवर ज्याचा हात बसलेला आहे तो त्या दिवसाचा तज्ज्ञ. आणि खरा तज्ज्ञ तो, जो 'एवढे मला कळते, पुढचे अमक्याला विचार' असे म्हणू शकतो.

ही कल्पना बेळगावला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते याच गावात. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, पण लोखंडाने जमिनीत विष भिनते अशा समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. नगरपालिकेच्या हुकुमामुळे त्यांना येथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जमीन आणि पैसा दिला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आजच्या भाषेत बोलायचे तर औंधकरांनी जागा आणि भांडवल दिले. पण तेवढ्यावर कारखाना झाला नाही. बंधू रामूअण्णा, शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे अशी वेगवेगळ्या कामात मुरलेली माणसे लक्ष्मणरावांभोवती जमली, म्हणून तो झाला. जमीन औंधची होती; ऊब माणसांची होती.

ही माणसे जमवायची कशी, याचेही चांगले नमुने आहेत. अमेरिकेत १९६४ सालापासून 'स्कोअर' ही संस्था निवृत्त आणि अनुभवी व्यावसायिकांना लहान उद्योगांच्या मदतीला पाठवते. आपल्या देशात 'भारतीय युवा शक्ती ट्रस्ट' १९९२ साली सुरू झाला, जे. आर. डी. टाटा त्याचे पहिले अध्यक्ष होते. गरीब घरच्या तरुणाला कर्ज मिळवून द्यायचे आणि त्याच्याबरोबर एक मार्गदर्शकही द्यायचा, ही त्याची पद्धत. कर्जाबरोबर माणूस दिला की कर्ज बुडण्याची भीती कमी होते, हा त्यामागचा व्यवहारी विचार.

आणखी एक नमुना आपल्या शेजारचा म्हणावा असा आहे. हुबळीचे गुरुराज देशपांडे अमेरिकेत मोठे उद्योजक झाले. त्यांच्या देणगीतून मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत २००२ साली देशपांडे केंद्र निघाले. संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाशेजारी धंद्याचा अनुभव असलेला एक स्वयंसेवक तेथे बसवला जातो. त्याच एमआयटीत २००० सालापासून नवउद्योजकांसाठी मार्गदर्शन सेवा चालते. तिथले दोन नियम आम्हाला फार आवडले. पहिला, मार्गदर्शकाने सल्ल्याचा मोबदला घ्यायचा नाही. दुसरा, एका तरुणासमोर एकटा सल्लागार नव्हे, दोघे-तिघे एकत्र बसतात. त्यामुळे एकाचा हट्ट चालत नाही आणि मतभेद असले तर ते तरुणाच्या समोरच कळतात. देशपांडे यांनी पुढे हुबळीतही मोठे केंद्र उभारले आणि २०१८ साली रतन टाटांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हुबळी आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. तेथले एखादे कन्नड बोलणारे अनुभवी गृहस्थ आपल्या मुलांना शिकवायला आले, तर त्यांचे स्वागतच व्हावे. आमचा मराठीचा आग्रह कोणाला कमी वाटू नये. पण शेजाऱ्याकडून विद्या घेतल्याने आपली भाषा कमी होत नाही. उलट, मुलांना आपली अडचण आधी मराठीत नीट मांडता यावी, हे आपण पाहिले पाहिजे. पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांत अडचण लपून राहते. घरच्या भाषेत ती उघडी पडते आणि उघडी पडली तरच सुटते.

पैशाची ओरड आज पूर्वीइतकी खरी नाही. २०१६ सालच्या 'स्टार्टअप इंडिया'नंतर जानेवारी २०२५ पर्यंत दीड लाखांहून अधिक नवउद्योगांना सरकारी मान्यता मिळाली. २०२१ साली ९४५ कोटी रुपयांची बीजनिधी योजना जाहीर झाली आणि तिचे पैसे इन्क्युबेटरमार्फतच वाटायचे ठरले. शाळांसाठी अटल टिंकरिंग लॅबची योजना निघाली आणि सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशभर दहा हजार शाळांत अशा प्रयोगशाळा झाल्या. त्यांच्यासाठी स्वयंसेवी मार्गदर्शकांची वेगळी योजना २०१७ साली काढावी लागली, यातच सर्व आले. यंत्र पाठवता येते, माणूस पाठवता येत नाही; तो जोडावा लागतो. शिकवायला कोणी नसेल, तर थ्री-डी प्रिंटरही कपाटातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकासारखा धूळ खात पडतो.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना अशी, की खोलीच्या आधी वही करावी. आपल्या पालकांत, माजी विद्यार्थ्यांत, निवृत्त शिक्षकांत कोणाला काय येते, याची एक वही. उद्यमबागेतले टर्नर, फिटर, पॅटर्न बनवणारे आहेत. बँकेतून निवृत्त झालेले आहेत. वकील, हिशेबनीस आहेत. कुंदा बनवणारे आहेत. दुधाचा पदार्थ प्रवासात किती दिवस टिकतो, हे त्यांच्याइतके पुस्तकाला ठाऊक नाही. घरगुती पापड-लोणच्याचा धंदा वीस वर्षे चालवून मुलींची लग्ने करणाऱ्या आयाही आहेत. त्यांना आजवर कोणी तज्ज्ञ म्हटलेले नाही. या वहीत त्यांचे नाव वरच्या पानावर असावे.

वहीबरोबर काही नियमही असावेत. मार्गदर्शकाने महिन्यातून दोनदा, निदान एक वर्ष यायचे. एकदाच येऊन हारतुरे घ्यायचे नाहीत. फी, हिस्सा, विक्रीतले कमिशन यांपैकी काहीही घ्यायचे नाही. मुलांची कल्पना त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायची नाही. आधी विचारायचे, मग पाहायचे आणि त्यानंतर बोलायचे. आणि आपली मुले अजून लहान असल्याने प्रत्येक बैठक शाळेतच, शिक्षकांसमोर आणि पालकांच्या माहितीने व्हावी. याबाबतीत भीड नको.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीही नियम आहेत. प्रश्न कागदावर लिहून आणा. 'मला मार्गदर्शन करा' हा प्रश्न नव्हे. 'हा सांधा तिसऱ्या दिवशी का सुटतो' हा प्रश्न. काय फसले ते लपवू नका. डॉक्टरापुढे आणि मार्गदर्शकापुढे खोटे बोलून आपलेच नुकसान होते. दोघांनी दोन वेगळे सल्ले दिले तर गोंधळू नका, दोघांनाही कारण विचारा. आपल्याकडे म्हणच आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. निर्णय तुमचा आणि त्याची जबाबदारीही तुमचीच. मार्गदर्शक बोट दाखवतो, चालायचे तुम्हाला आहे.

काही पालक म्हणतील, दहावी-बारावीच्या वर्षांत हे कशाला? त्यांची काळजी आम्हाला समजते. शाळेत असतानाच मुलांनी धंदा काढावा, असे आमचे म्हणणे नाही. जाणत्या माणसाला प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे पारखावे, आपली चूक कशी ऐकून घ्यावी, एवढे शिकले तरी पुरे. पुढे नोकरी केली तरी ते उपयोगी पडेल. आणि कोणी भ्रमातही राहू नये. चांगला मार्गदर्शक मिळाला म्हणून प्रत्येक उद्योग चालेलच असे नाही. पी हळद आणि हो गोरी, असे येथे होत नाही. पुष्कळ नवे उद्योग बंद पडतात. पण 'आता थांब, घरावर कर्ज काढू नकोस' असे वेळेवर सांगणारा माणूस भेटला, तर एक घर वाचते. तोही सल्ल्याचाच लाभ आहे.

उद्यमबागेत आयुष्य घालवलेली पिढी आता निवृत्त होत आहे. त्यांच्या हातातले ज्ञान बहुतांशी कोठेही लिहिलेले नाही. वाळू किती ओली हे मुठीला कळते, ती मूठ आणखी दहा वर्षांनी आपल्यात असेलच असे नाही. खोली पुढच्या वर्षीही बांधता येईल. ही माणसे मात्र वाट पाहत थांबणार नाहीत.

म्हणून देणगीचा पहिला रुपया वातानुकूलनावर नव्हे, तर माणसे जोडण्यावर खर्च व्हावा. येण्याजाण्याचे भाडे, चहा, प्रयोगाला लागणारे चार सुटे भाग, एवढ्याने सुरुवात होते. तोवर चित्रकलेच्या वर्गात शनिवारी दुपारी बाके रिकामीच असतात. वही शाळेच्या कार्यालयात ठेवावी, अशी विनंती आम्ही मुख्याध्यापकांना केली आहे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी येऊन आपल्याला काय येते ते तीत लिहावे. 'मला काय येतंय?' असे म्हणून मागे फिरणाऱ्यांनी तर नक्कीच लिहावे.